फुटबॉलचा संघ कसा पारखावा?



मराठीच्या वर्गाच्या मधल्या सुट्टीत मोठी मुले काय बोलतात, हे एकदा कान देऊन ऐकण्यासारखे आहे. ‘माझा लेफ्ट बॅक जखमी झाला’, ‘मी दोघांना विकून टाकले’, ‘आता जूनपर्यंत पैसेच नाहीत’. एखाद्या आजीला काळजीच वाटायची! पण घाबरण्याचे कारण नाही. ही मंडळी ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाच्या कॉम्प्युटरवरच्या खेळाविषयी बोलत असतात. या खेळात चेंडूला पाय लावायचा नसतो. संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे आणि मग मैदानाच्या कडेला उभे राहून जे होईल ते पाहायचे, एवढेच आपल्या हाती असते.

आम्ही दिवसभर प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करतो, त्यामुळे या खेळाकडे आमचे लक्ष जरा वेगळ्या कारणाने गेले. यात जिंकण्यासाठी बोटे भराभर चालवावी लागत नाहीत. माणसे ओळखावी लागतात. ती कशी ओळखायची आणि ओळखल्यावर डावपेच कसे ठरवायचे, हे या लेखात सांगतो.

खेळ आला कुठून?

खेळ इथलाच, इंग्लंडमधला. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन भावांनी घरी बसून एक प्रोग्रॅम लिहिला आणि 1992 साली तो ‘चँपियनशिप मॅनेजर’ या नावाने बाजारात आला. पहिल्या आवृत्तीत खेळाडूंची नावे बनावट होती. खरी नावे पुढच्या आवृत्तीत आली. तेव्हा सामना डोळ्यांना दिसत नसे, फक्त एकेक ओळ पडद्यावर उमटे आणि ती वाचून मैदान मनात उभे करावे लागे. पुढे प्रकाशक आणि हे भाऊ वेगळे झाले. जुने नाव प्रकाशकाकडे राहिले, प्रोग्रॅम आणि खेळाडूंची माहिती भावांच्या कंपनीकडे राहिली, आणि 2004 पासून त्यांचा खेळ ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने निघू लागला. नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या आवृत्तीत प्रथमच महिलांच्या लीगही आल्या. वर्गातल्या मुलींनी हे ध्यानात ठेवावे!

गुण म्हणजे काय?

मराठीत ‘गुण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. परीक्षेत मिळतात तेही गुण, आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. या खेळात दोन्ही अर्थ एकाच जागी भेटतात. प्रत्येक खेळाडूच्या अंगच्या गुणांना 1 ते 20 पैकी गुण दिलेले असतात. काही गुण तंत्राचे असतात, जसे पासिंग, टॅकलिंग, हेडिंग, फिनिशिंग. काही डोक्याचे, जसे निर्णय घेणे, योग्य जागी उभे राहणे, संघासाठी राबणे. काही शरीराचे, जसे वेग, दमसास, ताकद.

याखेरीज दोन आकडे पडद्याआड असतात. एक, खेळाडू आज किती चांगला आहे; दुसरा, तो जास्तीत जास्त किती चांगला होऊ शकेल. हे आकडे 200 पैकी असतात आणि मॅनेजरला दिसत नाहीत. त्याला दिसतात फक्त तारे, आणि ते तारे म्हणजे मदतनिसाचे मत. मदतनिसाची पारख कच्ची असेल तर तारेही कच्चे. शिवाय तारे आपल्याच संघाच्या तुलनेत दिलेले असतात. लहान क्लबात चार ताऱ्यांचा असलेला खेळाडू मोठ्या क्लबात गेला की दीड ताऱ्याचा होतो. खेळाडू तोच असतो, फक्त शेजारी बदललेले असतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे गुण देतो कोण? मशीन नव्हे. जगभर पसरलेले शेकडो लोक सामने पाहून हे आकडे भरतात. त्यांचे काम इतके बारीक असते की 2008 मध्ये एव्हर्टन क्लबाने नवे खेळाडू शोधण्यासाठी ही माहिती वापरण्याचा करार केला. पण माणसाचे मत ते माणसाचेच मत. 2001-02 च्या आवृत्तीत पोर्तुगालच्या गुव्हेया या छोट्या क्लबात तो माडेरा नावाचा गोलांचा पाऊस पाडणारा स्ट्रायकर होता. हजारो मुलांनी त्याला विकत घेतले. प्रत्यक्षात असा फुटबॉलपटू अस्तित्वातच नव्हता! त्याच आवृत्तीत लंडनच्या मिलवॉल क्लबातला चेर्नो सांबा हा लहान वयाचा मुलगा पुढे जगातला मोठा खेळाडू होई. हा मुलगा मात्र खरा होता. तो व्यावसायिक फुटबॉल खेळला, गांबिया देशाकडूनही खेळला, पण खेळात दाखवले होते तितक्या उंचीवर तो पोचला नाही. सोळाव्या वर्षी कोणीतरी आपल्या नावापुढे लिहिलेला आकडा पुरा करणे हे काही कोणाचे कर्तव्य नसते.

खेळ लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणून अगदी तरुण खेळाडूंच्या बाबतीत पुष्कळदा भविष्याचा एकच आकडा न लिहिता एक पल्ला लिहिलेला असतो. नवा डाव सुरू केला की त्या पल्ल्यातला कुठलाही आकडा निघतो. एका डावात जो मुलगा चमकतो तो दुसऱ्या डावात साधाच निघतो. आणि आकडा मोठा निघाला तरी त्याला सामने खेळायला मिळाले नाहीत, सराव नीट झाला नाही, तर तो तिथवर पोचतच नाही.

संघ पारखण्याच्या पाच पायऱ्या

पहिली पायरी, मोजदाद. एक कागद घ्या, त्यावर मैदान काढा आणि प्रत्येक जागेवर दोन नावे लिहा. चोवीस संघांच्या लीगमध्ये प्रत्येक संघाला 46 सामने खेळावे लागतात, तेव्हा अकरा माणसांवर भागत नाही. लिहिताना लगेच दिसते की स्ट्रायकर पाच आहेत आणि लेफ्ट बॅक एकच. पहिली खरेदी कोणती करायची ते कागदच सांगतो.

दुसरी पायरी, जागेपुरते गुण. सगळे आकडे पाहत बसू नका. प्रत्येक जागेसाठी तीन-चार गुण ठरवा आणि तेवढेच पाहा. सेंटर बॅकचे हेडिंग, टॅकलिंग, ताकद आणि उभे राहण्याची जागा पाहावी. त्याचे फिनिशिंग 4 असले तरी काही बिघडत नाही. विंगरचा वेग, ड्रिब्लिंग आणि क्रॉसिंग पाहावे. ज्याच्या सगळ्या गुणांची बेरीज सर्वांत मोठी तो सर्वांत उपयोगी, असे नसते. स्वयंपाकघरात सुरी धारदार हवी आणि पातेले जाड बुडाचे हवे. दोघांना एकाच मापाने मोजून चालत नाही.

तिसरी पायरी, कणा. गोलकीपर, सेंटर बॅक, मधला मिडफिल्डर आणि स्ट्रायकर हा संघाचा कणा. हे चौघे भक्कम असतील तर बाजूच्या जागी थोडे कमी-जास्त चालून जाते.

चौथी पायरी, वय आणि करार. तिशी ओलांडलेल्या खेळाडूचा वेग उतरत जातो, पण जागा धरण्याची अक्कल टिकते. त्याला मैदानावर कमी धावावे लागेल अशी जागा द्या. आणि कोणाचा करार येत्या जूनमध्ये संपतो ते आधी पाहा, नाहीतर आपला चांगला खेळाडू एक पैसाही न मिळता निघून जायचा.

पाचवी पायरी, कच्चा दुवा. समोरचा मॅनेजरही आपल्यासारखाच कागद घेऊन बसलेला असतो. आपला राइट बॅक हळू आहे हे त्याला कळले की त्याचा सर्वांत वेगवान विंगर त्याच बाजूने येणार. म्हणून आपला कच्चा दुवा आपणच आधी शोधावा आणि त्याच्या शेजारी मेहनती माणूस उभा करावा.

आता डावपेच

बहुतेक मुले इथे उलटा क्रम लावतात. टीव्हीवर मँचेस्टर सिटीचा सामना पाहिलेला असतो, म्हणून छोट्या छोट्या पासांचा खेळ आधीच ठरवून टाकतात आणि मग त्यात आपली माणसे कोंबतात. माणसे ते खेळ खेळू शकत नाहीत, संघ हरतो, आणि दोष खेळाडूंना मिळतो. म्हणून आमचा नियम एकच. आधी खेळाडू, मग डावपेच.

स्वतःला तीन प्रश्न विचारा.

बचाव कुठे करायचा? सेंटर बॅक वेगवान असतील तर त्यांना मैदानाच्या मध्याजवळ उभे करून पुढेच चेंडू हिसकावता येतो. ते हळू असतील तर त्यांच्या पाठीमागे मोकळी जागा सोडणे धोक्याचे. मग आपल्या गोलाजवळ दाट उभे राहावे.

चेंडू पुढे कसा न्यायचा? मिडफिल्डरांचे पासिंग आणि निर्णय चांगले असतील तर हळूहळू, जमिनीवरून. ते नसेल तर दोन-तीन पासांत थेट पुढे.

गोल कोण करणार? उंच, हेडिंग चांगले असलेला स्ट्रायकर असेल तर बाजूने हवेतून चेंडू येऊ द्या. बुटका पण चपळ असेल तर तोच चेंडू बचावपटूंच्या पाठीमागे, मोकळ्या जागेत टाका.

तीनही उत्तरे एकमेकांशी जुळली पाहिजेत. गोलाजवळ दाट उभे राहायचे आणि स्ट्रायकर मात्र हळू, तर चेंडू पुढे गेल्यावर त्याच्यामागे धावणार कोण?

याचे सर्वांत चांगले उदाहरण प्रत्यक्षातले आहे, आणि ते लेस्टरचे आहे. 2014-15 साली हा संघ प्रीमियर लीगमध्ये चौदावा आला होता. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला तो विजेता ठरेल यावर एका पौंडाला पाच हजार असा भाव होता. नवे मॅनेजर क्लॉडिओ रानिएरी यांनी हाताशी काय आहे ते पाहिले. वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हूथ हे सेंटर बॅक दणकट होते, हेडिंगला पक्के होते, पण वेगवान नव्हते. म्हणून ते गोलाजवळ उभे राहत. मध्ये एन्गोलो कान्ते होता, तो दोघांचे काम एकटा करून चेंडू हिसकावे. बगलेवर रियाद माहरेझ होता. आणि सर्वांत पुढे जेमी वार्डी, वाऱ्यासारखा. मांडणी जुनीच, चार-चार-दोन. बहुतेक सामन्यांत चेंडू जास्त वेळ समोरच्या संघाकडे असे. तरीही मे 2016 मध्ये लेस्टर विजेता ठरला. दुसऱ्या संघाची नक्कल केली असती तर याच माणसांनी पहिल्या दहांतही जागा मिळवली असती की नाही, शंकाच आहे.

आणि हा वार्डी कोण? शेफील्ड वेन्सडे क्लबाने त्याला सोळाव्या वर्षी काढून टाकले होते. पुढे तो कारखान्यात काम करत स्टॉक्सब्रिजच्या छोट्या संघाकडून खेळत होता. त्याच्या नावापुढचा तेव्हाचा आकडा काय असेल, विचार करा.

पहिला क्लब कोणता घ्यावा?

मुले पहिल्याच दिवशी आर्सेनल किंवा लिव्हरपूल घेतात. त्यात शिकायला फार मिळत नाही, कारण पैसे असले की चूक झाकता येते. आमचे मत असे की आपल्या एजवेअरचाच क्लब घ्यावा. होय, आहे! बार्नेट क्लब 2013 मध्ये अंडरहिलचे जुने मैदान सोडून कॅमरोज ॲव्हेन्यूवरच्या ‘द हाइव्ह’ मैदानावर आला. कॅनन्स पार्क स्टेशनपासून तिथे चालत जाता येते. टॉटनहॅमच्या महिला संघानेही काही वर्षे आपले घरचे सामने याच मैदानावर खेळले.

बार्नेटची खरी गोष्टही ऐकण्यासारखी आहे. 2018 मध्ये हा क्लब लीग टू मधून खाली घसरला. खालच्या नॅशनल लीगमधून वर येणे फार अवघड, कारण थेट वर जातो तो फक्त पहिला क्रमांक, आणि आणखी एक संघ प्लेऑफमधून. 2024 मध्ये बार्नेट दुसरा आला आणि प्लेऑफमध्ये हरला. अशा वेळी खेळात बहुतेक मुले चिडून सगळा संघ विकतात आणि डावपेच फाडून टाकतात. क्लबाने मॅनेजर डीन ब्रेनन यांना ठेवले. पुढच्याच वर्षी, 2025 मध्ये, बार्नेट पहिला आला आणि वर गेला.

यात एक धडा आहे, आणि तो आमच्या धंद्यातलाही आहे. प्रोग्रॅम बिघडला की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि पुन्हा चालवून पाहतो. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे सुधारले किंवा बिघडले ते कळत नाही. संघाचेही तसेच आहे. एक गोष्ट बदला, पाच सामने थांबा, आकडे वहीत लिहा. एका सामन्यावरून निकाल देऊ नका. अठरा वेळा गोलावर चेंडू मारूनही संघ हरतो. ते अठरा फटके जवळून मारले होते की लांबून, हे पाहा. जवळून मारले असतील तर नशीब वाईट होते. लांबून मारले असतील तर डावपेच वाईट होते.

दोन शब्द पालकांसाठी

‘फुटबॉल आपला खेळ नव्हे’ असे म्हणणाऱ्या पालकांनी एकदा कोल्हापूरला जावे. तिथे पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की पाय ठेवायला जागा नसते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

पण आमचे म्हणणे फुटबॉलपुरते नाही. आपल्या भागात मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की क्वीन एलिझाबेथ्स आणि हेन्रिएटा बार्नेट या शाळांची नावे घराघरांत ऐकू येऊ लागतात. त्या शाळा चांगल्याच आहेत आणि मुलांनी परीक्षेला जरूर बसावे. फक्त निकालाचा कागद हाती आला की ‘गुण’ या शब्दाचा दुसरा अर्थ विसरू नये. तो आकडा एका सकाळचा असतो. त्यात धीर मोजलेला नसतो, मेहनत पुरती मोजलेली नसते, आजीशी फोनवर मराठीत गप्पा मारणे तर नसतेच. शिवाय तारे शेजाऱ्यांच्या तुलनेत दिलेले असतात, हे वर सांगितलेच आहे.

आणि आपणही पुष्कळदा मांडणी आधी ठरवतो. ही डॉक्टर, हा इंजिनिअर. मग मुलांना त्या जागी उभे करतो. चांगला लेफ्ट बॅक गोलात उभा केला तर गोल होणारच. त्यात लेफ्ट बॅकचा दोष काय? मुले हा खेळ खेळत असतील तर अधूनमधून शेजारी बसावे आणि विचारावे, ‘याला तू इथे का ठेवलास?’ मूल जे उत्तर देईल त्यातून ते माणसे कशी पाहते ते कळेल. उत्तर मराठीतून मागितले तर वर्गाचा गृहपाठही होईल.

या लेखातले शब्द

पारखणे: नीट पाहून चांगले-वाईट ओळखणे. दमसास: बराच वेळ न थकता धावण्याची ताकद. पल्ला: इथपासून तिथपर्यंतचे अंतर. बगल: बाजू. कणा: पाठीचे मुख्य हाड, इथे, संघाचा मुख्य आधार. कच्चा दुवा: साखळीतली जी कडी आधी तुटेल ती.

पुढच्या वर्गासाठी कोडे

समजा, तुमच्या संघात असे खेळाडू आहेत. दोन सेंटर बॅक: हेडिंग 15, वेग 7. दोन मधले मिडफिल्डर: दमसास 16, पासिंग 8. दोन विंगर: वेग 14, क्रॉसिंग 13. स्ट्रायकर: वेग 17, हेडिंग 5. बाकावर दुसरा स्ट्रायकर: वेग 8, हेडिंग 16.

बचाव कुठे कराल? चेंडू पुढे कसा न्याल? पहिल्या मिनिटाला कोणता स्ट्रायकर खेळवाल? दहा मिनिटे उरली असताना समोरचा संघ एका गोलाने पुढे आहे आणि सगळेच्या सगळे आपल्या गोलाजवळ दाट उभे आहेत. आता काय बदलाल, आणि का?

पाच ते दहा वाक्यांत मराठीत लिहून आणा. आई-बाबांची मदत घेतली तरी चालेल. त्यांचे उत्तर वेगळे असेल तर तेही लिहा. या कोड्याला एकच बरोबर उत्तर नाही, म्हणून गुण देणार नाही. कारणे मात्र वाचणार आहोत.